नदी मोजणारे हात वाचवूया

जुलै लागला की नदीकाठच्या प्रत्येक गावाला आपापलं माप आठवतं. नाशिककर रामकुंडाजवळच्या दुतोंड्या मारुतीकडे बघतो आणि पाणी त्याच्या गुडघ्याला आहे, कमरेला की छातीला, यावरून गोदावरीचा रागरंग ओळखतो. पुण्यात बाबा भिडे पूल पाण्याखाली गेला की मुठेला पाणी आल्याचं वेगळं सांगावं लागत नाही. नृसिंहवाडीत नदीचं पाणी दत्तपादुकांना स्पर्श करून दक्षिण दरवाजातून बाहेर पडलं की दक्षिणद्वार सोहळा होतो. सांगलीकराच्या तोंडी आयर्विन पुलाचे ४० आणि ४५ फूट असतात, कोल्हापूरकराच्या तोंडी राजाराम बंधाऱ्याचे ३९ आणि ४३. पहिला आकडा इशाऱ्याचा, दुसरा धोक्याचा. शाळकरी पोरांनाही ते पाठ असतात.

ही सगळी मापं पातळीची आहेत. पाणी कुठवर चढलं ते यातून कळतं. दर सेकंदाला नदीतून किती पाणी पुढे गेलं, ते मात्र कळत नाही. त्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर काढण्याचं काम वेगळं आणि कष्टाचं आहे, आणि ते आपल्या डोळ्यांदेखत मागे पडत चाललं आहे. पात्रात उतरून, दोर बांधून, खोली घेऊन, वेग मोजून विसर्ग काढणारी माणसं टिकावीत. त्यांची सरितामापन केंद्रं आणि तिथल्या वर्षानुवर्षांच्या नोंदी टिकाव्यात. आणि हे कौशल्य पुढच्या पिढीने हातात घ्यावं, म्हणून हे आवाहन.

पातळी दिसते, पाणी दिसत नाही

पातळी कळली म्हणजे पाणी कळलं, असं वाटतं. फसगत तिथेच होते. शिरोळ तालुक्यात कृष्णा तुडुंब भरली असेल तर पंचगंगेच्या पाण्याला पुढे सरकायला वाव उरत नाही, ते मागे फुगतं. अशा वेळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट दिसले तरी प्रत्यक्ष पुढे जाणारं पाणी, कृष्णा मोकळी असताना ४३ फुटांना जाणाऱ्या पाण्याहून बरंच कमी असू शकतं. उलट वाळू उपसून पात्र खोल गेलं, तर तेवढाच पूर पट्टीवर कमी फूट दाखवतो आणि खालच्या गावाला गाफील ठेवतो. खाली नवा बंधारा झाला, पुलाचा भराव पात्रात आला, काठावर बाभळी माजल्या, की पातळी आणि पाणी यांचं जुनं नातं बदलतं.

हे नातं नव्याने जुळवायचं तर प्रत्यक्ष मोजणीला पर्याय नाही. तिची रीत समजायला सोपी आहे, करायला अवघड. नदीला आडवा दोर किंवा तार टाकायची. तिच्यावर ठरावीक अंतरांवर खुणा करून पात्राचे उभे पट्टे पाडायचे. मोठ्या नदीत असे वीस-पंचवीस पट्टे लागतात. एकाही पट्ट्यातून एकूण पाण्याच्या दहाव्या हिश्शाहून जास्त पाणी जाऊ नये, हे बघून ते पाडतात. प्रत्येक खुणेवर खोली घ्यायची आणि प्रवाहमापक पाण्यात सोडायचा. त्याच्या वाट्या किंवा पंखा प्रवाहाच्या जोराने फिरतो, ठरावीक सेकंदांत किती फेरे झाले ते मोजतात आणि त्या फेऱ्यांवरून वेग निघतो. पाणी तळाशी घासत चालतं म्हणून तिथे संथ असतं, वर वेगवान. त्यामुळे मापक कुठेही बुडवून चालत नाही. उथळ पाण्यात पृष्ठभागापासून सहा दशांश खोलीवरचा वेग त्या पट्ट्याचा सरासरी वेग धरतात. खोल पाण्यात दोन दशांश आणि आठ दशांश अशा दोन खोल्यांवर मोजून सरासरी काढतात. पट्ट्याचं क्षेत्रफळ गुणिले वेग, आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज. तो झाला त्या वेळचा विसर्ग.

हे एकदा करून भागत नाही. उन्हाळ्यातली धार, जूनचा पहिला लोंढा, ऑगस्टमधली भर, गणपतीनंतरची ओसरण, अशा वेगवेगळ्या पातळ्यांना मोजणी करावी लागते. प्रत्येक मोजणीचा एक ठिपका आलेखावर पडतो. पुरेसे ठिपके जमले की त्यांतून रेष काढता येते: एवढी पातळी म्हणजे एवढा विसर्ग. ही रेष हाती असेल तर नुसती पट्टी वाचूनही रोजचं पाणी सांगता येतं. पण पात्र बदललं की ती शिळी होते आणि पुन्हा पाण्यात उतरावं लागतं. सगळ्यांत वाईट म्हणजे रेषेचं वरचं टोक, महापुराचं टोक, बहुतेक ठिकाणी अंदाजाने पुढे ओढलेलं असतं. त्या दिवशी नाव घालणं जिवावरचं काम असतं आणि नेमका तोच ठिपका सर्वांत मोलाचा असतो.

चूक किती महागात पडते, याचाही हिशेब आहे. ११,५७४ क्युसेक विसर्ग दिवसभर चालला की एक टीएमसी पाणी पुढे जातं. एक लाख क्युसेकच्या पुरात मोजणी दहा टक्क्यांनी चुकली, तर एका दिवसात पाऊण टीएमसीहून जास्त पाणी हिशेबातून निसटतं. धरणातून किती सोडायचं आणि किती अडवायचं, हे ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला त्या पाऊण टीएमसीची किंमत विचारा.

खटल्याला उभी राहते ती वही

आपल्या वाट्याचं पाणी कुठून ठरलं? कृष्णेच्या पाण्यावर महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र भांडले, तेव्हा न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादापुढे पहिला प्रश्न होता: नदीत पाणी आहे किती? उत्तर शोधायला लवादाने विजयवाड्याच्या बंधाऱ्यावरची १८९४-९५ ते १९७१-७२ अशी ७८ वर्षांची मालिका वापरली. चारपैकी तीन वर्षं मिळेल असं पाणी २,०६० टीएमसी निघालं. त्यातले ५६० महाराष्ट्राला, ७०० कर्नाटकाला आणि ८०० आंध्राला. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या योजनांचा पंप चालू करताना आजही याच ५६० च्या आतबाहेरचा हिशेब मांडावा लागतो. विजयवाड्याच्या बंधाऱ्यावर एकोणिसाव्या शतकात रोजची पातळी उतरवून घेणाऱ्या कारकुनाला जतचा दुष्काळी शेतकरी ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तरी त्याच्या नोंदीचा धागा जतपर्यंत येऊन पोचला.

पुढे न्यायमूर्ती ब्रिजेशकुमार यांच्या लवादाने २०१० मध्ये निर्णय देताना १९६१-६२ ते २००७-०८ ही ४७ वर्षांची मालिका घेतली. त्याच ७५ टक्के विश्वासार्हतेला आकडा आला २,१७३ टीएमसी. नदी तीच, निकष तोच, फक्त वर्षं वेगळी, आणि फरक ११३ टीएमसीचा. कोयना धरणाची क्षमता साधारण १०५ टीएमसी आहे. म्हणजे मालिका कोणती घ्यायची, या एका निर्णयावर अख्ख्या कोयनेहून जास्त पाणी कागदावर येतं किंवा जातं. मालिकेत खंड पडले असतील, मधली वर्षं अटकळीने भरलेली असतील, तर पुढच्या भांडणात आपण काय हातात घेऊन उभं राहणार?

म्हादईचंही तेच झालं. २०१८ च्या निवाड्यात गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी मिळाले. लवादाने खोऱ्याचं ७५ टक्के विश्वासार्हतेचं पाणी १८८.०६ टीएमसी धरलं. पण तो आकडा ठरेपर्यंत राज्यांचे दावे एकमेकांपासून खूप दूर होते आणि तज्ज्ञांच्या साक्षींचा मोठा भाग नदीत मुळात पाणी किती, यावरच खर्च झाला. खोऱ्याच्या वरच्या भागात, जिथून पाणी वळवायचं तिथेच, प्रत्येक उपनदीवर पन्नास वर्षांची मोजणी असती, तर हा वाद किती लांबला असता?

गुंठाभर जमिनीलाही सातबारा असतो, आणि तो नीट नसेल तर माणूस तलाठ्याच्या दारात दिवस काढतो. नदीचा सातबारा म्हणजे तिच्या विसर्गाची अखंड नोंद. फरक एवढाच की हरवलेला सातबारा मोजणी मागवून पुन्हा उभा करता येतो. गेल्या वर्षी वाहून गेलेलं पाणी पुढच्या वर्षी मोजता येत नाही.

शंभर वर्षांपूर्वीच्या तक्त्यांवर

जिथे नोंद नाही तिथे आपले अभियंते काय करतात? सूत्र वापरतात. डब्ल्यू. एल. स्ट्रेंज यांनी १८९२ मध्ये आजच्या महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातला पाऊस आणि वाहून जाणारं पाणी अभ्यासून तक्ते केले. इंग्लिस आणि डिसूझा यांनी १९२९ मध्ये पश्चिम भारतातल्या ५३ ठिकाणी काळजीपूर्वक केलेल्या नदीमापनातून घाटासाठी एक आणि पठारासाठी एक अशी दोन सूत्रं काढली. इंग्लिस यांचं महत्तम पुराचं सूत्र सह्याद्रीतल्या पंख्याच्या आकाराच्या खोऱ्यांसाठी आहे. पाझर तलाव, गावतळी, लहान पूल, मोऱ्या यांच्या आराखड्यांत ही नावं आजही सर्रास येतात.

ज्यांनी ती सूत्रं काढली त्यांच्याविषयी तक्रार नाही. त्यांनी ५३ ठिकाणी मोजलं, मग सूत्र लिहिलं. तक्रार आपल्याविषयी आहे. त्यानंतर उतारावरचं रान बदललं, विहिरी आणि कूपनलिका झाल्या, ऊस आला, डोंगर पोखरून वसाहती झाल्या, पावसाच्या सरी कमी वेळात जास्त कोसळू लागल्या. तरी ओढ्याचा पूर विचारला की आपण अजून त्याच तक्त्यात बोट फिरवतो. ते तक्ते आजच्या पाण्याशी जुळतात की नाही, हे तपासायलाही ताज्या मोजण्या लागतात. त्या बहुतेक ओढ्यांवर नाहीतच.

याचा फटका थेट घराच्या उंबऱ्याशी बसतो. शहरातली निळी पूररेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर आखतात, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरावर. या रेषांवरून बांधकामाला परवानगी मिळते किंवा नाकारली जाते. कर्ज, विमा, पुनर्वसन सगळं त्यांच्याभोवती फिरतं. पण १०० वर्षांतला पूर ठरवायला नदीची लांब नोंद हवी. ती नसली की अंदाज येतो, अंदाज आला की वाटाघाट येते, आणि वाटाघाटीत रेष कोणाच्या बाजूने सरकते ते नदीकाठच्या सामान्य माणसाला सांगायला नको.

पूर येतो तो मुक्त पाणलोटातून

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. त्या वर्षी आणि पुन्हा २०२१ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ५५ फूट ओलांडले. दोन्ही वेळा सगळ्यांच्या नजरा धरणांवर होत्या: कोयनेतून किती सोडलं, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, अलमट्टीत किती साठवलं. त्या चर्चेत एक गोष्ट नेहमी मागे राहते. धरणातून सुटणाऱ्या पाण्याचा हिशेब बऱ्यापैकी लागतो, कारण दरवाजा किती उघडला आणि त्यावर पाण्याची किती उंची आहे, यावरून विसर्ग काढता येतो. धरणाच्या खालचा जो मुक्त पाणलोट, तिथल्या ओढ्यानाल्यांतून आणि उपनद्यांतून येणारं पाणी कोण मोजतं?

साताऱ्यापासून सांगलीपर्यंत कृष्णेला दोन्ही अंगांनी लहानमोठे प्रवाह मिळतात. येरळेसारखी दुष्काळी भागातून येणारी नदी वर्षातले कितीतरी महिने कोरडी असते आणि एखाद्या रात्रीच्या ढगफुटीसदृश पावसात अंगावर येते. पंचगंगेचं पाणी कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं मिळून होतं. धरणं भरलेली असताना मुक्त पाणलोटातून किती येतंय, हे सहा तास आधी कळलं, तर दरवाजे कधी उघडायचे आणि कधी थांबवायचे याचा निर्णय माहितीवर होतो. कळलं नाही, तर तो निर्णय अंदाजाने आणि फोनवरच्या दबावाने होतो. अलमट्टीच्या फुगवट्याचा वादही असाच दरवर्षी तापतो आणि दरवर्षी पुढच्या पुरावर ढकलला जातो. फुगवटा कुठवर येतो, हे भाषणांनी ठरणार नाही. नदीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर एकाच वेळी घेतलेली पातळी आणि विसर्ग समोर ठेवले, तरच ठरेल.

पावसाच्या बाबतीत आपण हा धडा शिकलो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्यात त्याच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. एका शहराचा पाऊस दोन ठिकाणी मोजून कळत नाही, हे मुंबईला जीव देऊन समजलं. त्यानंतर मुंबईत पर्जन्यमापकांचं जाळं झालं. पुढे राज्यभर महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रं बसली, कारण पीकविम्याचे पैसे त्या आकड्यांवर अवलंबून आहेत. पाऊस मंडळनिहाय मोजायला लागलो ते चांगलंच झालं. तोच पाऊस जमिनीवर आल्यावर ओढ्यातून किती गेला, ते मोजायचं मात्र राहून गेलं.

यंत्र आलं, माणूस गेला

सरकारने काहीच केलं नाही, असं म्हणणं अन्यायाचं होईल. जलविज्ञान प्रकल्पातून राज्यात मापन केंद्रं आणि माहितीसाठे उभे राहिले, कृष्णा-भीमा खोऱ्यात पाऊस आणि पातळी क्षणाक्षणाला पाठवणारी यंत्रणा आली. पुलाच्या कठड्याला रडार संवेदक लागले. पण या संवेदकांविषयी एक गैरसमज पसरला आहे, आणि तो दूर झाला नाही तर उरलंसुरलंही जाईल. पुलावरचा रडार पातळी मोजतो. विसर्ग त्या जुन्या रेषेवरून काढतात. ती रेष खरी ठेवायला वर्षातून अनेकदा कोणीतरी प्रवाहमापक किंवा नावेवरचं ध्वनिलहरींचं यंत्र घेऊन पाण्यात जावंच लागतं. तो माणूस गेला की पडद्यावर दर पंधरा मिनिटांनी आकडा झळकत राहतो आणि दर वर्षी तो थोडा थोडा खोटा होत जातो.

आज चित्र असं दिसतं: संवेदक खरेदीला पैसा मिळतो, मोजणीच्या फेऱ्यांना मिळत नाही. गेजवाचक निवृत्त होतो, जागा रिकामी राहते किंवा रोजंदारीवर भरली जाते. पट्टीचा रंग उडतो, पट्टीचं शून्य कोणत्या उंचीला आहे ते विसरलं जातं. नाव दुरुस्तीला गेली की मोजणी थांबते. प्रवाहमापक वेळोवेळी स्थिर पाण्याच्या टाकीत चालवून तपासून घ्यावा लागतो. ती सोय पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात आहे. तरी वर्षानुवर्षं न तपासलेल्या मापकाने घेतलेले आकडे वहीत चढतात.

आणि ही विद्या शिकणार कोण? स्थापत्य अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमात जलविज्ञान असतं. विद्यार्थी एकक जलालेखाची गणितं सोडवतो, सूत्रं पाठ करतो, आणि बऱ्याचदा एकदाही नदीत पाय न घालता पदवी घेऊन बाहेर पडतो. उद्या तोच पुलाचा आराखडा तपासणार असतो.

अमेरिकेने ही गोष्ट सुरुवातीलाच ओळखली. १८८८ च्या हिवाळ्यात न्यू मेक्सिकोतल्या एम्बुडो इथे, रिओ ग्रांदेच्या काठी, फ्रेडरिक न्यूवेल यांच्या हाताखाली काही तरुण अभियंते तंबू ठोकून राहिले. कामच होतं नदी मोजायला शिकण्याचं. त्यातून १८८९ मध्ये अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं पहिलं नदीमापन केंद्र उभं राहिलं, आणि तिथे शिकलेली माणसं देशभर पसरली. आधी शिबिर, मग केंद्र, मग जाळं, असा तो क्रम होता. आपण जाळ्यापासून सुरुवात केली आणि शिबिराला सुट्टी दिली.

मॉडेल आहेत, उपग्रह आहेत, मग हे कशाला?

हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला जातो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं. संगणकीय मॉडेल पावसावरून पूर सांगतं खरं, पण ते जुळवून घ्यायला मोजलेला विसर्गच लागतो. मोजणीशिवाय जुळवलेलं मॉडेल म्हणजे स्ट्रेंजच्या तक्त्याचीच रंगीत आवृत्ती. डिसेंबर २०२२ मध्ये सोडलेला स्वॉट हा उपग्रह नद्यांची पातळी वरून मोजतो, पण तो साधारण शंभर मीटरहून रुंद नद्यांसाठी रचलेला आहे. आपल्या बहुतेक नद्यांची हिवाळ्यातली धार त्याच्या नजरेत भरत नाही, आणि ओढ्यांचा तर प्रश्नच नाही.

खर्चाचं म्हणाल तर मोजपट्टी, दोर, तपासलेला मापक, दोन प्रशिक्षित माणसं, नाव किंवा झुलता पाळणा, आणि अंगावर तरंगतं जाकीट. हजारो कोटींच्या धरणाच्या आणि पुलाच्या अंदाजपत्रकात ही रक्कम शोधावी लागेल.

आता करायचं काय?

सरकारकडे मागणी स्पष्ट आहे. ज्या सरितामापन केंद्राची नोंद वीस वर्षांहून लांब आहे, ते कोणत्याही कारणाने बंद होऊ नये. हलवायचं झालं तर जुनं आणि नवं केंद्र काही पावसाळे सोबत चालावं, म्हणजे दोन्ही मालिका जोडता येतील. प्रत्येक संवेदकामागे वर्षभराच्या प्रत्यक्ष मोजण्यांचा खर्च मंजूर असल्याशिवाय तो बसवू नये. धरणाखालच्या मुक्त पाणलोटातल्या उपनद्यांवर आधी केंद्रं यावीत. आणि पुराच्या रात्री पट्टी वाचायला जाणाऱ्या माणसाला कायम नोकरी, विमा आणि सुरक्षेची साधनं मिळावीत. त्याच्या एका आकड्यावर हजारो कुटुंबं घर सोडायचं की नाही ते ठरवतात.

माहिती खुली हवी, ही दुसरी मागणी. केंद्रीय जल आयोगाच्या दख्खनच्या नद्यांवरच्या बऱ्याच नोंदी इंडिया-डब्ल्यूआरआयएस या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. राज्याच्या केंद्रांवरच्या नोंदी, मोजणीच्या मूळ पानांसकट आणि खंड कुठे पडला ते न लपवता, तशाच खुल्या व्हाव्यात.

अभियांत्रिकी महाविद्यालयांनी सरकारची वाट बघू नये. बहुतेक महाविद्यालयांपासून तासाभरात एखादी नदी आहे. ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात विद्यार्थ्यांना तिथे न्या, त्यांच्याकडून पट्टे पाडून घ्या, मोजणी करून घ्या, आणि दर वर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीने पुढची तुकडी उभी करा. दहा वर्षांत त्या महाविद्यालयाकडे असं काहीतरी असेल, जे कोणत्याही प्रयोगशाळेत विकत मिळत नाही. नाशिकची मेरी, छत्रपती संभाजीनगरची वाल्मी, खडकवासल्याचं केंद्र या संस्थांकडे अनुभवी माणसं आहेत. निवृत्त कनिष्ठ अभियंते आणि गेजवाचक तर गावोगावी आहेत. ही माणसं हयात आहेत तोवर त्यांना मानाने बोलवा आणि त्यांच्याकडून शिका.

गावांसाठी काम आणखी सोपं आहे. हिवरेबाजारने पाऊस आणि विहिरी मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायला शिकवलं, अटल भूजल योजनेने ती पद्धत अनेक गावांत नेली. त्या ताळेबंदात वाहून गेलेल्या पाण्याचा रकाना बहुतेक वेळा तक्त्यावरून भरतात. तो मोजून भरा. पावसाळा ओसरल्यावर, पाणी गुडघ्याच्या खाली आल्यावर, ओढ्याचा सरळ असा दहा मीटरचा तुकडा निवडा. त्याची रुंदी आणि चार-पाच ठिकाणची खोली घ्या. वरच्या टोकाला संत्रं किंवा अर्धी भरलेली बाटली सोडा आणि खालच्या टोकाला पोचायला किती सेकंद लागले ते चार-पाचदा मोजा. समजा रुंदी चार मीटर, सरासरी खोली तीस सेंटिमीटर, वेळ वीस सेकंद. पृष्ठभागाचा वेग झाला सेकंदाला अर्धा मीटर. तळाचं पाणी संथ असतं म्हणून त्याला ०.८५ ने गुणा, म्हणजे ०.४२५. क्षेत्रफळ १.२ चौरस मीटर. विसर्ग सेकंदाला सुमारे ५१० लिटर, म्हणजे १८ क्युसेक. दिवसाला जवळपास ४ कोटी ४० लाख लिटर. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या निकषाने आठ लाख माणसांचं एका दिवसाचं पाणी, तुमच्या शिवेवरून, एका ओढ्यातून. हा आकडा ग्रामसभेत एकदा वाचून दाखवा आणि पुढची चर्चा कशी होते ते पाहा.

एक बजावणं मात्र आहे. पुरात कोणीही, कितीही हौस असली तरी, पाण्यात उतरायचं नाही. पुराच्या वेळी लांबून फोटो काढा, पाणी ओसरल्यावर भिंतींवर आणि झाडांवर राहिलेल्या गाळाच्या रेषा रंगाने खुणा करून, तारीख टाकून जपा. पुराची उंची नंतर तपासायला त्या खुणा फार मोलाच्या ठरतात.

शाळांत जलसुरक्षा हा विषय आहे. त्याचा प्रकल्प पुस्तकातून उतरवून काढण्याऐवजी ओढ्यावर नेता येईल. पत्रकारांनी पुराच्या बातमीत फुटांशेजारी क्युसेक विचारावेत, आणि तो आकडा मोजलेला आहे की काढलेला, हेही विचारावं. नगरसेवक पूररेषा मागे घ्यायची म्हणाला, तर मतदाराने एवढंच म्हणावं: ज्या विसर्गावर ही रेष आखली, त्याची नोंद आणि ती कुठे मोजली ते दाखवा. आमदार नव्या बंधाऱ्याचं भूमिपूजन करायला आला, तर त्या ओढ्यावर पाणी कोणी आणि किती वर्षं मोजलं, ते विचारावं.

जलवर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मे रोजी संपतं. येत्या ३१ मेच्या आत प्रत्येक तालुक्यातून एवढ्या तीन गोष्टी व्हाव्यात: जवळचं सरितामापन केंद्र कुठे आहे आणि तिथे मोजणी शेवटची कधी झाली, ते माहितीच्या अधिकारात विचारा, एका ओढ्यावर कायमची जागा ठरवून, रंगवलेली पट्टी रोवून, तिच्या शून्याची उंची ग्रामपंचायतीच्या दप्तरात नोंदवा, आणि ती पट्टी रोज सकाळी वाचणारी दोन माणसं नेमा, एक आजारी पडलं तर दुसरं असावं म्हणून. लवाद, पूररेषा, धरणांचे दरवाजे यांविषयी पुढच्या पन्नास वर्षांत जी भांडणं होतील, त्यांत आपल्या बाजूने काय मांडता येईल, हे या जूनपासूनच्या नोंदी ठरवणार आहेत. कामाला लागा.